हरभऱ्यावरचं कापड

येळवस, रानात जेवायची वेळ अमावस्या, होऊन पाच दिवस लोटले, पण केवळाबाई अजून त्याच सकाळीत अडकून पडली होती. भाकरी थापताना, अंगण झाडताना मध्येच तिचा हात थांबायचा आणि डोळ्यांपुढं धुक्याची धुई उतरायची. त्या धुईत हरभऱ्याचा पट्टा, पट्ट्यावर पसरलेलं पांढरं धोतर, आणि त्या धोतराकडं पाय न वाजवता चाललेली ती स्वतः. स्वप्नच म्हणा ना. फरक एवढाच, की स्वप्नातून माणूस जागं होतं आणि हिला ते जागेपणीच पडत होतं.

हरभऱ्याची आंब ज्यानं चाखली नाही, त्याला ती सांगून कळायची नाही. थंडीत हरभरा फुलावर आला की पाल्यावर आंबट-खारट लव सुटते. दिवस मावळताना तिच्यावर धुतलेलं मऊ कापड पांघरायचं, रात्रभर दव पडू द्यायचं आणि ऊन वर यायच्या आत ते भांड्यात पिळायचं. पिळून निघालेलं पाणी बाटलीत भरून ठेवलं, की वर्षभर पोटदुखीला दुसरं औषध लागत नाही. बोरसांगवीत ही आंब काढावी ती केवळाबाईनंच. भूकंपात जुनं गाव भुईसपाट झालं, सरकारनं माळावर आखीव गल्ल्यांचं नवं गाव बांधून दिलं, लोकांची घरं बदलली, शेजार बदलले. पण लेकरू रडायला लागलं की आया चमचा घेऊन यायच्या त्या केवळाबाईच्याच दारात. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवायचीही नाही.

धुईत नव्या गावाच्या सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसत. चौदा वर्षं झाली तरी एखाद्या सकाळी तिचे पाय आपोआप जुन्या वेशीकडं वळत. वेस तर केव्हाच मातीत मिळाली होती, तिथं आता धाकट्या लेकाची, दयानंदची द्राक्षबाग होती. बागेच्या एका अंगाला अंगणवाडी आणि पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला केवळाबाईचा हरभरा. कधी कधी त्या वेलींच्या ओळींतून तिला जुन्या गावातल्या जात्यांची घरघर ऐकू येई. कुणाला सांगितलं असतं तर म्हातारी चळली म्हणाले असते, म्हणून ती सांगायची नाही.

येळवशीच्या पहाटे दयानंदनं बागेवर औषध मारलं होतं. चार दिवसांची धुई, घडांवर डावणीची बुरशी उतरायची भीती, आणि येळवशीला रानात औजार फिरवायचं नाही हा बापाचा दंडक. म्हणून त्यानं उजाडायच्या आत ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरवून घेतला, घरी जाऊन आंघोळ केली आणि रानातल्या कडब्याच्या कोपीतल्या पूजेला येऊन बसला. कुणाला सांगायचं काय त्यात? औषध तर नेहमीचंच, डावणीच्या औषधात कीडनाशक मिसळलेलं. वारं होतं बागेकडून हरभऱ्याकडं. केवळाबाईनं कापड पिळलं तेव्हा तिला वास आला होता, नाही असं नाही. पण नव्या गावात तो वास कुठं नसतो? टाकीच्या पाण्याला असतो, वाळत घातलेल्या लुगड्याला असतो. नाकानं केव्हाच हार मानली होती.

दरवर्षीप्रमाणं लातूरहून जिलानी आपल्या माणसांसह जेवायला आला होता. जिलानी विहिरींच्या जळलेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणारा कारागीर. याच घरच्या मोटारीपायी ओळख झाली आणि ती पुढं नात्यासारखी मुरली. थोरला लेक रेवणप्पा भूकंपात गेला, तेव्हा त्याच्या तीन वर्षांच्या सिंधुला ढिगाऱ्यातून बाहेर काढणाऱ्या हातांत एक हात जिलानीचा होता. आता तीच सिंधु बारावीच्या क्लासेससाठी लातुरात त्याच्याच माडीवरच्या खोलीत राहत होती. त्या दिवशी जिलानीच्या पाच वर्षांच्या नातीनं, अर्शीनं, बोरं खाल्ली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी खाल्ली, गव्हाची खीर खाल्ली आणि पोट धरून बसली. पंगत चालू असतानाच केवळाबाईनं तिला कोपीमागं नेऊन मांडीवर घेतलं आणि ताज्या आंबेचे दोन चमचे पाजले. अर्शीनं तोंड वाकडं केलं, केवळाबाई हसली; दुसऱ्या कुणाचं तिकडं लक्षही नव्हतं.

तासाभरात पोरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. उलट्या झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. जिलानीनं तिला टेम्पोत घातलं आणि लातूर गाठलं.

तिन्हीसांजेला दयानंद सहज बोलून गेला, "बरं झालं पहाटंच फवारून घेतलं, दुपारी ह्या गडबडीत कुठलं जमलं असतं." केवळाबाईच्या हातातलं ताट खाली पडलं. तेव्हाच तिला कळलं, आणि तेव्हापासून ती गप्प होती.

आज दुपारी ग्रामसभा होती आणि सकाळपासून घरात तिची रंगीत तालीम चालली होती. थोरली सून उज्वला, रेवणप्पाच्या मागं राहिलेली, सिंधुची आई, अंगणवाडी चालवायची. बागेच्या कडेला तीस लेकरं घेऊन बसणारी बाई ती, गेली दोन वर्षं फवाऱ्याला नियम घालणाऱ्या ठरावासाठी झटत होती. घरोघर फिरून तिनं बायांचे अंगठे आणि सह्या गोळा केल्या होत्या. फक्त स्वतःच्या घरात तिला एकही सही मिळाली नव्हती.

"वैनी, तुमच्या ठरावानं माझी बाग जाईल," दयानंद दारातच उभा राहून म्हणाला. "डावणी काय पंचायतीला इचारून येती का? एका रातीत घड काळे पडतेत."

"मी बाग बंद करा म्हनले का, भावजी? आदल्या दिशी दवंडी द्या म्हनले. अंगणवाडीकडच्या बारा ओळी पाठीवरच्या पंपानं मारा म्हनले. वारं गावाकडं असलं की मशीन उभी करा म्हनले. हे बी जड हाय?"

"आज हे म्हनाल, उद्या म्हनाल भाकर मोडायच्या आधी बी सरपंचाला इचारा."

खाटेवरून केवळाबाईच्या नवऱ्यानं, सटवाजीनं, सासरेपणाचा आवाज लावला. "रान आपलं, औषध आपलं. गावानं कामून नाक खुपसावं?"

"गाव नाक खुपसत न्हाई, मामंजी. गावाच्या नाकात ते जायलंय."

सटवाजीला हसू आलं होतं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. दयानंदला मात्र हसू आलं नाही. त्यानं आपला हुकमी पत्ता काढला. पाच दिवस तो हाच पत्ता पारावर, दुकानात, जिथं जाईल तिथं टाकत होता.

"एकच सांगा मला. येळवशीला आपल्या रानात शंभर मानसं जेवली. तीच भज्जी, तीच आंबील. औषधानं झालं असतं तर शंभरच्या शंभर आडवी झाली असती. मग एकट्या अर्शीलाच कसं झालं? सांगा की."

उज्वला पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. चुलीपुढं बसलेल्या केवळाबाईनं भाकरी उलटली, ती करपली होती. उत्तर तिच्याजवळ होतं. ते तिच्या जिभेवर पाच दिवस खड्यासारखं पडून होतं, गिळता येत नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं. एक लेक भुईनं नेला, दुसरा आपणच तोंडानं घालवावा का? आणि आपला हात? सगळ्या गावाच्या लेकरांच्या तोंडात गेलेला हात तो. लोक त्याच्याकडं कसं बघतील?

तेवढ्यात सकाळच्या एसटीनं आलेली सिंधु पाठीवर दप्तर घेऊन आत शिरली. उभ्या उभ्याच म्हणाली, "अर्शीला सोडलं दवाखान्यातून. काल रातच्याला दूध-चपाती खाल्ली."

सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. दयानंदनं तर हात जोडले. कसाही असला तरी पोरगा वाईट नव्हता. लेकराला झालं तेव्हा टेम्पोमागं फाट्यापर्यंत पळालेला तोच होता. "बघा," तो उज्वलाला म्हणाला, "शहरातलं लेकरू, बोरं जास्त झाली, दुसरं काय?" आणि मोकळ्या मनानं बागेकडं निघून गेला.

केवळाबाई घागर घेऊन टाकीकडं निघाली तशी सिंधु मागं आली. धुई विरत आली होती. कोवळ्या उन्हात बाग चांदीच्या वर्खासारखी चमकत होती आणि वेलींच्या पलीकडून अंगणवाडीतल्या लेकरांचा गोंगाट येत होता, खूप लांबून आल्यासारखा.

"आज्जी," सिंधु म्हणाली, "डॉक्टर रोज इचारायचे, पोरीनं येगळं काय खाल्लं? अर्शीची दादी, बानोचाची, सारखी रडायची, म्हनायची सगळ्यांनी खाल्लं तेच खाल्लं. काल अर्शी मला म्हनली, आज्जीनं आंबट पानी दिलं."

केवळाबाईच्या हातात घागर तशीच राहिली. नळाचं पाणी नुसतं वाहत होतं.

"कुनाला सांगितलंस?"

"न्हाई. अर्शीला बी म्हनलं, हे आपलं दोघींचं गुपित हाय." सिंधुनं नळ बंद केला. "तू काळजी करू नको. मी कवाच बोलणार न्हाई."

पोर प्रेमानं बोलत होती. आणि त्या प्रेमाचीच केवळाबाईला धडकी भरली. पाच दिवस तिला वाटत होतं, आपलं ओझं आपल्याच डोक्यावर आहे. ते कधी खाली घरंगळलं आणि सतरा वर्षांच्या नातीच्या, पाच वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर जाऊन बसलं, तिला कळलंच नव्हतं. ढिगाऱ्यातून निघाली तेव्हा सिंधु अशीच गप्प होती. दोन महिने तोंडातून शब्द नव्हता. त्या मुक्या पोरीला बोलतं करायला केवळाबाईनं किती नवस बोलले होते, आणि आज तिलाच गप्प बसायला आपण शिकवलं! म्हातारीला स्वतःची लाज वाटली.

शाळेच्या मैदानात सभा भरली. टेबलामागं सरपंच चतुराबाई, शेजारी वही उघडून ग्रामसेवक. बाया एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला. उज्वलानं बोलावलं म्हणून जिलानीही आला होता, मागच्या ओळीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. पाच दिवसांत त्याची दाढी जास्तच पांढरी झाली होती. उज्वलानं ठराव वाचून दाखवला.

"औषध कवा मारायचं हे गावानं ठरवावं, असं कायद्यात बसत नाही, बाई," ग्रामसेवक म्हणाले.

"कायद्यात नसंल," चतुराबाई म्हणाली, "गावाच्या वहीत तर बसंल? लिहायला पेन हाय न्हवं तुमच्यापाशी?"

बाया हसल्या. मग बागवाल्यांतला गुंडप्पा उठला. घसा साफ केला आणि दयानंदचाच पत्ता टाकला. "शंभर मानसं जेवली. एकटीलाच कसं झालं? आधी ह्याचं उत्तर द्या, मंग हात वर करायला सांगा." मैदानात कुजबुज झाली. खरंच की, लोक म्हणाले. दोन-तीन बायांनी माना खाली घातल्या. उज्वलानं वाचलेला कागद हातातच चुरगळला.

आपण कधी उठलो ते केवळाबाईला कळलं नाही. पायांखालची जमीन तिला लांब, मऊ, दवानं ओली वाटत होती. लोकांचे चेहरे धुईतल्यासारखे पुसट झाले होते, नि त्यांत जुन्या गावातले, केव्हाच गेलेले चेहरेही मिसळले होते. रेवणप्पाही कुठं तरी बसलेला असावा, असं तिला वाटलं.

"गुंडप्पा, बस खाली. उत्तर माझ्यापाशी हाय."

"माय," दयानंद म्हणाला, "तू कशाला…"

"अर्शीला मी आंब पाजली. दोन चमचे. दुसऱ्या कुनालाच न्हाई, म्हनून एकटीला झालं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझं कापड रातभर हरभऱ्यावर होतं. पहाटं बागेचं औषध त्याच्यावर पडलं. तेच मी पिळलं, आन् तेच लेकराला पाजलं."

पुढं बसलेल्या साखराबाईनं मांडीवरचं तान्हं छातीशी ओढून घेतलं. तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं, पण केवळाबाईनं पाहिलं. परवापर्यंत हीच साखराबाई चमचा घेऊन यायची. तरी केवळाबाई थांबली नाही.

"दयानंदनं वंगाळ मनानं न्हाई केलं. मी बी न्हाई. त्यानं औषध मारलं हे मला ठाव न्हाई, मी कापड टाकलं हे त्याला ठाव न्हाई. एका चुलीवरचं खातो आम्ही. मायलेकराला जर एकमेकाचं कळंना, तर गावाला कसं कळावं? आदल्या दिशी कुनी हाळी दिली असती, तर मी धोतर गुंडाळून घरी आनलं असतं. एवढंच मागायलेत ह्या बाया."

ती जिलानीकडं वळली. हे सगळ्यात अवघड होतं.

"आन् जिलानीभाऊ, मला त्याच सांजंला कळलं होतं. पाच दिवस मी तोंड शिवून बसले. लेक जाईल म्हनून भ्याले."

जिलानी सावकाश उठला. त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली. "भाभी, डॉक्टर घडीघडी पुछत होते. दोन दिवस पोरगी हात सोडून चालली होती. तुमी एक फोन करायला लावला असता, तर…" त्यानं दाढीवरून हात फिरवला. "लेकरू वाचलं, अल्लाची मेहरबानी. पर तुमच्याकडनं ही उमेद नव्हती."

कुणीतरी समोर केलेला पाण्याचा तांब्या त्यानं घेतला नाही. मैदानाच्या कडेपर्यंत गेला, थांबला आणि मागं वळून म्हणाला, "सिंधु, दप्तर घे. टेम्पोत बस. तुझा क्लास बुडायलाय." सिंधु आजीकडं बघत रडत उठली. केवळाबाईनं मानेनंच जा म्हटलं. माणूस रागावला होता, पण पोरीला त्यानं परकी केलं नव्हतं. हे तिला पुढं कितीतरी दिवस पुरणार होतं.

हात वर झाले. बायांचे सगळे, गड्यांचे निम्म्याहून जास्त. दयानंद हात वर व्हायच्या आधीच निघून गेला. सटवाजीनं हात वर केला नाही, पण लेकाच्या मागं उठूनही गेला नाही. जन्मभर एकाच बाजूला बसलेल्या माणसाचं ते निम्मं सरकणंही काही कमी नव्हतं.

"ठराव झाला," चतुराबाई म्हणाली. "आता वारं कोन बघनार? मशीन फिरवायच्या आधी इचारायचं कुनाला?"

मग साखराबाईच म्हणाली, "केवळाआत्यानं बघावं. तिचं घर टाकीपाशीच हाय. आन् आता ती चुकायची न्हाई."

"मला नगं, बाई," केवळाबाई घाईनं म्हणाली. पण ग्रामसेवकांनी नाव लिहूनही टाकलं होतं.

दयानंद बागेतल्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. भाकरी त्याला पोचत होती, डबा रिकामा परत येत होता, शब्द मात्र येत नव्हता. तीन आठवडे असेच गेले. हरभऱ्याला घाटे धरले. जिलानीची काही खबर नव्हती. सिंधु फोनवर अर्शीचं सगळं सांगायची आणि जिलानीचाचाचं नाव आलं की दुसऱ्याच गोष्टीवर जायची. मग पौषात एकदा आभाळ भरून आलं आणि दुसऱ्या दिवशी अशी धुई पडली, की अंगणातली तुळस दिसेना. आदल्या सांजेला देवळाच्या भोंग्यावर दयानंदच्या बागेची दवंडी झाली होती. केवळाबाईनं ती ऐकली होती आणि रात्रभर कूस बदलत राहिली होती.

सकाळी धुईतून एक माणूस आला आणि अंगणाबाहेरच उभा राहिला. ती चालण्यावरूनच ओळखत होती. तरी तो परक्यासारखा बोलला.

"सरपंचबाईनं इकडं इचारायला सांगितलंय. आज मशीन फिरवू का?"

केवळाबाईनं चुलीतली मूठभर राख घेतली. अंगणाच्या मध्यावर येऊन तिनं हात उंच केला आणि मूठ थोडी सैल सोडली. राख क्षणभर धुईतच थबकली, कुठं जावं ते जणू तिलाही सुचेना. मग हळूहळू, अगदी हळूहळू, ती अंगणवाडीकडं सरकली. इतकी हळू, की वारं नाहीच असं कुणीही म्हणू शकलं असतं. केवळाबाईनं 'हो' म्हटलं असतं तर तो आत आला असता, चुलीपुढं बसला असता, ताटात वाढून घेतलं असतं. एका शब्दाचा तर प्रश्न होता. पलीकडून लेकरांची प्रार्थना सुरू झाली.

"न्हाई," ती म्हणाली. "आज न्हाई."

दयानंदनं राखेकडं पाहिलं, मग आईकडं. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "आज न्हाई मारलं तर डावणी बसंल. बाग जाईल, माय."

तीन आठवड्यांनी 'माय' हा शब्द तिच्या कानावर आला. तरी ती म्हणाली, "ठाव हाय मला."

तो जाईल असं तिला वाटलं. बाप्यांचा राग तिनं जन्मभर पाहिला होता, तो पाठ फिरवूनच निघतो. दयानंद तसाच उभा राहिला. बागेकडं बघून झालं, गावाकडं बघून झालं. मग तो पायरीवर येऊन बसला आणि गुडघ्यांत मान घातली.

"मंग कवा फिरंल?"

"दुपारपतोर फिरंल. न बी फिरंल."

केवळाबाईनं राखेचा हात लुगड्याला पुसला आणि हातभर अंतर सोडून ती त्याच्याशेजारी बसली. धुईत गाव दिसत नव्हतं, बाग दिसत नव्हती. मायलेकरं वारं फिरायची वाट बघत बसली.